आवाज कुणाचा?

घरासाठी चांगली म्युझिक सिस्टीम घ्यावी असं मनात आलेल्या माणसाला दुकानदार आधी एका खोलीत नेतो. ही खोली दुकानाच्या पोटात असते. तिला खिडकी नसते. जमिनीवर पाय रुतेल असा गालिचा, भिंतींना कापडाचे जाड तक्ते, आणि दार असं की ते लागलं की बाहेरचा रस्ता, रिक्षा, सिग्नल आणि समोरचा वडापाववाला हे सगळे जगातून उठून जातात. मधोमध एकच खुर्ची. एसी इतका अबोल की तो चालू असल्याचं फक्त गुडघ्यांना कळतं. दुकानदार दिवा मंद करतो, ‘‘सर, आता डोळे मिटा’’ म्हणतो आणि एखादा आलाप लावतो. तानपुऱ्याची जवारी खोलीभर पसरते. षड्ज लावण्याआधी गवयाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. सरांचे डोळे मिटलेले असतात. क्रेडिट कार्ड जागं झालेलं असतं.

सरांना वाटतं, आपण स्पीकरवर भाळलो. ते भाळलेले असतात खोलीवर, आणि खोली विकाऊ नसते. घरात बसलेल्या माणसाच्या कानाशी स्पीकरकडून थेट येणारा आवाज थोडा. बाकीचा भिंती, फरशी, छत, खिडकीची काच आणि शोकेसमधली कधीच न वापरलेली क्रोकरी यांच्यावर आपटून, अंमळ उशिरा, वाटेत काहीबाही उचलून येतो. त्यामुळे एकच सिस्टीम दोन घरांत सारखी वाजत नाही. कंपनीने केलेलं यंत्र आणि बिल्डरने केलेला हॉल यांच्या संगनमतातून जे काही निघेल, त्याचीच अपेक्षा ठेवावी. यातल्या कंपनीने निदान आवाजाचा विचार तरी केलेला असतो.

पण गिऱ्हाईक खोलीबद्दल विचारत नाही. गिऱ्हाईक वॉट विचारतं. नव्वदच्या दशकात मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कॉम्प्युटरला लावायचे वीतभर स्पीकर मिळत आणि खोक्यावर छापलेलं असे : हजार वॉट पीएमपीओ. हजार वॉट म्हणजे इस्त्री. त्या इस्त्रीचा ॲडाप्टर मात्र काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, आणि त्याच्यावर बारीक अक्षरांत कबुलीजबाब असे की मी नऊ व्होल्टवर एक अँपियर, म्हणजे एकूण नऊ वॉट देतो. उरलेले ९९१ वॉट कुठून येत, हे विचारणारा मनुष्य दुकानात अडाणी ठरे. पीएमपीओ म्हणजे यंत्राने डोळ्याचं पातं लवण्याच्या आत जास्तीत जास्त किती जोर मारला असता, याबद्दल विकणाऱ्याचं मत. ते मोजायची ठरलेली अशी रीतच नव्हती, त्यामुळे मत मोकळेपणाने मांडता येई.

आता खोक्यांवर आरएमएस छापतात, म्हणजे यंत्र सतत देऊ शकेल तेवढे वॉट. खोटेपणा कमी झाला, हिशेबाचा घोळ राहिला. ‘‘ते पन्नास वॉटचं आहे काका, हे शंभरचं. डबल आवाज!’’ असं दुकानातला मुलगा सांगतो. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो तीन डेसिबलने. महागाई भत्ता वाढल्यावर सरकारी नोकराच्या घरात जेवढा फरक पडतो, तेवढाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॉट लागतात दहापट. पन्नासचे पाचशे. शिवाय बरासा स्पीकर एका वॉटमध्ये मीटरभर अंतरावर ८५-८७ डेसिबल काढतो, म्हणजे जवळजवळ मिक्सरवर खोबरं वाटल्यासारखं. फ्लॅटमधला माणूस एरवी त्या एका वॉटच्या आतबाहेरच आयुष्य काढतो. बाकीचे ९९ मृत्युपत्रात कुणाच्या नावे करायचे, एवढं ठरवावं लागतं.

माहितीपत्रकात दुसरा एक मानाचा आकडा असतो : २० ते २०,००० हर्ट्झ. माणसाच्या कानाची ही पुस्तकी मर्यादा. ती शाळकरी मुलाला लागू पडते. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना बारा-तेरा हजारांच्या वरचं फारसं काही ऐकू येत नाही, आणि घराचे हप्ते, मुलांची शिक्षणं उरकून मनासारखी सिस्टीम परवडायला लागते ती नेमकी पन्नाशीनंतर. चणे आहेत तर दात नाहीत. वरच्या सात हजार हर्ट्झचे पैसे आपण मोजतो आणि ते ऐकतं घरातलं मांजर. त्याला नाहीतरी साठ हजारांपर्यंत ऐकू येतं. आवड नसते, हा भाग वेगळा.

सिस्टीम घरी येते आणि मांडामांड सुरू होते. शास्त्र असं की दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे असावेत, ट्वीटर कानाच्या उंचीला यावा. वन बीएचकेच्या हॉलमध्ये हा त्रिकोण काढून बघितला तर एक कोन चपलांच्या रॅकवर येतो, दुसरा फ्रिजवर आणि तिसरा, म्हणजे ऐकणाऱ्याचा, स्वयंपाकघराच्या दारात. आदर्श स्टिरिओ ऐकायचा तर गरम भाताचं पातेलं घेऊन येणाऱ्या बाईच्या वाटेत डोळे मिटून उभं राहावं लागेल. त्यामुळे तडजोड होते. डावा स्पीकर शोकेसवर चढतो, उजवा फ्रिजशेजारी बसतो. डावीकडून सतार, उजवीकडून कॉम्प्रेसर. मागे ठेवायचे दोन स्पीकर वायर कमी पडली म्हणून पुढेच टीव्हीच्या दोन बाजूंना उभे राहतात, आणि चित्रपटात डोक्यावरून मागे जाणारं हेलिकॉप्टर पुढच्या पुढेच घिरट्या घालत बसतं. मी ज्या ज्या घरांत पाच स्पीकर पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत पाचही एका रांगेत, ग्रुप फोटोला बसल्यासारखे पाहिले आहेत. वूफर हा तर रूपाने स्टूलच. त्याच्यावर पहिल्या आठवड्यात क्रोशाचा रुमाल येतो, दुसऱ्यात मनीप्लांट, आणि पुढे इस्त्रीच्या कपड्यांची थप्पी.

लहान मुलाचाही वाटा असतोच. स्पीकरच्या मधोमध जी गोल, उंचवट्याची टोपी असते ती बोटाने आत दाबल्याशिवाय कुठल्याही मुलाचं बालपण पुरं होत नाही. मग घरातले मोठे लोक संध्याकाळभर सेलोटेप लावून ती बाहेर ओढत बसतात.

एवढं होऊनही आवाज चिरका आणि घुमणारा येतो. इथे पुन्हा बिल्डर. व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत भिंती, बाल्कनीला सरकती काच. हॉलमध्ये उभं राहून टाळी वाजवली तर ती बराच वेळ आपापसांत बोलत राहते. आवाज शोषायला मऊ वस्तू लागतात आणि विखरायला खडबडीत, वेड्यावाकड्या. पडदे, सोफा, गोधड्यांची चळत, भिंतभर पुस्तकं, त्यांच्यावर आडवे टाकलेले दिवाळी अंक, कोपऱ्यात गुंडाळलेली सतरंजी. थोडक्यात, ज्या घरात पसारा जास्त त्या घरात संगीत बरं लागतं, आणि हे ध्वनिशास्त्राने सिद्ध झालेलं असलं तरी कुठल्याही बायकोपुढे सिद्ध करता येत नाही. दिवाळीच्या आवराआवरीनंतर सिस्टीमचा आवाज बिघडतो ही तक्रार करून पाहिलेल्या नवऱ्यांना मी भेटलो आहे. ते त्या विषयावर थोडक्यात बोलतात. दुकानदार या दुखण्यावर इंचभर जाडीचे फोमचे चौकोन विकतो. त्याने चिरकेपणा कमी होतो, घुमणं जात नाही. खालच्या सुरांना अडवायचं तर फूटभर जाडीचं काहीतरी हवं, आणि असली वस्तू मराठी घरात एकच असते : पाहुण्यांसाठी माळ्यावर ठेवलेल्या गाद्या. त्या हॉलमध्ये आणून उभ्या करायला कुणी धजत नाही.

माझ्या एका मित्राने मात्र जास्त पैसे मोजून खोलीचा दोष यंत्रानेच ओळखावा अशी सोय असलेला रिसीव्हर आणला. त्याच्याबरोबर शेंगदाण्याएवढा माइक येतो. तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा, बटण दाबायचं, आणि मग प्रत्येक स्पीकर आळीपाळीने ‘ऊऽऽप’ असा एक चढता सूर काढतो. माइक तो ऐकतो आणि खोली कशी आहे ते यंत्र ताडतं. अट एकच : पाच मिनिटं घरात संपूर्ण शांतता हवी.

रविवारी सकाळी दहाला सगळं घर पुतळ्यांसारखं बसलं. पहिल्या ‘ऊऽऽप’ला खालून ‘‘भंगाऽऽर’’ आलं आणि दोघांचे सूर इतके जमले की यंत्र गोंधळलं. पडद्यावर आलं की आजूबाजूचा आवाज फार आहे. पुन्हा सुरुवात. कुकरची शिट्टी. पुन्हा सुरुवात. दुधाच्या हिशेबाला मुलगा आला, त्याला खुणेनेच थोपवलं, तोवर आतल्या खोलीतून आजींनी विचारलं, ‘‘कोण कण्हतंय रे?’’ रात्री साडेअकराला पंखा बंद करून, घाम गाळत पुन्हा बसले तर वॉचमनने काठी आपटली आणि त्याला सोसायटीतल्या कुत्र्यांनी पोच दिली. शेवटी कधीतरी पहाटे यंत्राचं समाधान झालं आणि त्याने निकाल दिला : वूफर इथून सात मीटरवर आहे. हॉल साडेतीन मीटरचा. असं होतं, कारण वूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाज किंचित रेंगाळतो आणि यंत्र त्या उशिराचं अंतर करून टाकतं. पण यंत्राच्या मते वूफर शेजाऱ्यांच्या घरात होता, आणि पुढे जे घडलं ते पाहता यंत्राला सगळंच चुकलं असं म्हणवत नाही.

वूफर ज्या सुरांसाठी असतो ते आकाराने दांडगे असतात. ४० हर्ट्झच्या सुराची एक लाट साडेआठ मीटर लांब. आपला हॉल बारा फुटांचा. ती लाट त्यात मावत नाही. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर असा काही अडकतो की खोलीच्या बरोबर मध्ये तो जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतींशी दुणावतो. मित्राने खुर्ची मध्ये टाकली होती. तो तिथे बसून, एवढे पैसे घातले आणि दणका कसा नाही म्हणून आवाज वाढवत होता. भिंतीला टेकलेल्या खाटेवर आजी बसल्या होत्या. त्यांच्या वाटीतले साबुदाणे हलत होते. बाहेर काय होतं ते आणखी सोपं आहे. चार इंची विटेची भिंत सतार अडवते, बासरी अडवते, बोलणंही बरंचसं अडवते. खालचे सूर तिला जुमानत नाहीत, स्लॅबमधून सरळ खाली उतरतात. वरच्या मजल्यावर चित्रपट चालू असला की खालच्या मजल्यावर फक्त धरणीकंप पोचतो.

मध्येच एक घरघर सुरू झाली. काही वाजत नसतानाही स्पीकर मंद गुणगुणत होते. हे पुष्कळांकडे होतं. ॲम्प्लिफायर एका ठिकाणी अर्थ झालेला असतो, केबलची वायर दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन अर्थांच्या भांडणात ५० हर्ट्झची सरकारी वीज स्पीकरमधून स्वतःच गायला लागते, सोबत तिचा वरचा षड्ज १०० हर्ट्झवर. इलेक्ट्रिशियन आला, मीटरपेटी बघून गेला. घरात आलेल्या मामांनी, जे हार्मोनियम वाजवतात, डोळे मिटून निदान केलं : ‘‘पांढरी पाच. जरा चढी आहे.’’ निदान तंतोतंत बरोबर होतं. पेटीवर खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्झच्या जवळ येते. फुकटचा षड्ज वाया जाऊ नये म्हणून मामांनी त्यावर भूप आळवायला घेतला. केबल उपटल्यावर घरघर थांबली आणि मामा नाराज झाले.

आता चित्रपट. घरच्या थिएटरात चित्रपट बघणं हे दोन माणसांचं काम आहे : एक बघतो, दुसरा रिमोट धरतो. नायिका कुजबुजते, आवाज चाळीसवर न्यावा लागतो. ती काय म्हणाली ते कळायच्या आत गाडी उडते, आवाज पंधरावर आणावा लागतो. रिमोटवाल्याला शेवटी कथा विचारली तर तो फक्त स्फोट सांगू शकतो. याचं कारण चित्रपटाचा आवाज मोठ्या, शांत चित्रपटगृहासाठी बेतलेला असतो. तिथे कुजबूज आणि स्फोट यांच्यातलं अंतर हीच मजा असते. घरात पंख्याच्या आवाजात कुजबूज बुडते आणि स्फोट तेवढा वर राहतो. संवाद मधल्या स्पीकरकडे सोपवलेले असतात, आणि तो मधला स्पीकर टीव्हीखालच्या कपाटात, गणपतीच्या आरतीच्या पुस्तकांमागे. जवळजवळ प्रत्येक यंत्रात ‘नाइट मोड’ नावाची सोय असते, ती हे अंतर दाबून टाकते. ती सेटिंग्जमध्ये इतक्या आत पुरलेली असते की सापडेपर्यंत सकाळ होते.

२०१२ पासून चित्रपटांत डॉल्बी ॲटमॉस आलं आणि आवाज डोक्यावरूनही यायला लागला. घरात त्यासाठी छतात स्पीकर बसवायचे, नाहीतर वर तोंड करून ठेवलेले स्पीकर घ्यायचे. ते आवाज छतावर आपटून खाली पाठवतात. मध्ये सीलिंग फॅन असतो. बाकी, पावसाचे थेंब वरून पडल्याचा भास होण्यासाठी वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने पैसे का घालवावेत, हे मला अजून कळलेलं नाही.

आजींचं मत वेगळंच होतं. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण आठवड्याला एक याप्रमाणे लागत असे; ५६ गीतं. शेजाऱ्यांच्या रेडिओपुढे बसून ऐकलेली. ‘‘शब्दन् शब्द कळायचा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि एवढासा तर स्पीकर.’’ मित्र हसला, पण शास्त्र आजींच्या बाजूने आहे. बोलणं समजायला ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो. टेलिफोनने कितीतरी वर्षं तेवढ्यावरच संसार केला. जुन्या रेडिओचा लहानसा स्पीकर नेमका तेवढाच पट्टा चोख देई. वरचं त्याला येत नसे, खालचं जमत नसे, मधलं सोडून त्याला करण्यासारखं काही नसे.

चांगली सिस्टीम मधल्याखेरीज उरलेलं सगळं दाखवते, आणि त्याची तयारी ठेवावी. जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण लावलं की गवयाइतकाच स्पष्ट तिसऱ्या रांगेतला खोकणारा ऐकू येतो. पुढे पुढे आपण त्याची वाट बघतो. जुन्या ७८च्या तबकड्यांवरून घेतलेलं गाणं लावलं तर आधी खरखर येते आणि तिच्या पलीकडे, गच्चीवर कुणी तरी गात असावं तसा गवई. तेच गाणं स्वयंपाकघरातल्या लहानशा स्पीकरवर गोड लागतं, कारण त्याला खरखर धड वाजवता येत नाही. आणि ब्लूटूथ चालू असलं की काय ऐकू येईल याला धरबंध नाही. वहिनींना बहिणीचा व्हॉइस मेसेज आला आणि ‘‘गेल्या का गं तुझ्या वन्सं?’’ हा प्रश्न पाचही स्पीकरांतून, वूफरसह, खुद्द वन्संना विचारला गेला. मधल्या स्पीकरने त्या दिवशी एकही शब्द गिळला नाही.

रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाला कायद्याचे निर्बंध आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा नियमांत लिहिलेली आहे. मित्राला हे माहीत होतं. म्हणून परवा रात्री सव्वादहाला बेल वाजली आणि दारात खालच्या मजल्यावरचे काका दिसले तेव्हा त्याने आधीच हात जोडले. टीव्ही बंद केला, वूफरचा प्लग काढला आणि ‘‘काका, सॉरी, चुकलंच’’ म्हणून मोकळा झाला.

काका आत आले. सोफ्यावर बसले. बंद टीव्हीकडे थोडा वेळ बघत राहिले.

‘‘बंद कशाला केलंत?’’ ते म्हणाले. ‘‘काल पण तुम्ही साडेदहाला मध्येच बंद केलंत. आम्ही खाटा भिंतीला लावून ऐकतोय. पूल उडाला ना?’’

‘‘उडाला,’’ मित्र म्हणाला.

‘‘मला वाटलंच. ही म्हणत होती, धरण फुटलं.’’ काका जरा पुढे सरकले. ‘‘तेवढे संवाद थोडे मोठे ठेवता आले तर बघा. खाली काहीच कळत नाही.’’

‘‘काका, वरही नाही कळत.’’